हॉली कधी कापायची

त्या दुकानात रिकाम्या हातांनी कुणी येत नसे. नवऱ्याचा कोट, पडदे, लग्नात घातलेला आणि केकचा डाग पडलेला झगा, असं काहीतरी दंडावर टाकूनच गिऱ्हाईक आत शिरायचं, आणि बेरिलची नजर माणसाच्या आधी कपड्यावर जायची. इतकी वर्षं धुलाईच्या दुकानात काढल्यावर शेफील्डमधली पुष्कळ माणसं तिला चेहऱ्यांपेक्षा डागांवरून जास्त ठाऊक झाली होती. म्हणून त्या सोमवारी सकाळी एक बाई काउंटरसमोर येऊन उभी राहिली आणि तिच्या हातांत काहीच नव्हतं, तेव्हा बेरिलला क्षणभर कुठं बघावं ते कळेना. बाई साठीच्या आसपासची, ठेंगणी, पावसाळी कोटाची बटणं एक घर चुकवून लावलेली. डोळ्यांखाली काळं.

"पावती हरवली का?" बेरिलनं विचारलं.

"नाही," बाई म्हणाली. "मी जॅनिस. क्लिफर्डची." मग, "एवढंच विचारायचं होतं, की हॉली कधी कापायची."

मागं वाफेची इस्त्री फुसफुसत होती. क्लिफर्डचं घर सोडल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत त्याच्या दुसऱ्या बायकोला बेरिलनं एकदाच पाहिलं होतं, तेही बसच्या वरच्या मजल्यावरून, बाजारात, पाठमोरी. पुढं कधी समोरासमोर गाठ पडलीच तर काय बोलायचं याची तिनं पहिली काही वर्षं मनात तालीम केली होती. चांगली दोन-तीन ठसठशीत वाक्यं तयार होती. नंतर तीही कधीतरी विसरून गेली. आणि आता ही समोर उभी राहून हॉलीचं, मागच्या बागेतल्या त्या काटेरी झुडपांचं, विचारत होती, जणू दोघींत आजवर तेवढंच एक बोलायचं राहिलं होतं.

"ऑगस्टमध्ये," बेरिल म्हणाली.

"म्हणजे आत्ताच."

"हो, आत्ताच."

"रोपवाटिकेतला एक जण म्हणाला, मार्चात."

"मार्चात कापली तरी मरत नाही ती. पण मग उन्हाळाभर फुटत राहते आणि अवतार दिसते. ऑगस्टात एकदा कापली की हिवाळाभर कापलेली तशी राहते." बोलता बोलता बेरिलला आपलंच नवल वाटलं. ती आता दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होती. तिथं खिडकीत कुंडीसुद्धा नव्हती.

"तो म्हणायचाच," जॅनिस म्हणाली. "दर वर्षी कापायला घेतली की म्हणायचा, बेरिल म्हणायची ऑगस्ट."

"म्हणायचा म्हणजे? गेला का?"

"नाही हो. आहे. जानेवारीत झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द राहिलाय."

"कुठला?"

"मंगळवार."

बेरिलनं काउंटरवरची पावत्यांची चळत उगाच सरळ केली. जॅनिसलाच तिची कीव आली असावी. ती म्हणाली, "भूक लागली तरी मंगळवार, चहा गार झाला तरी मंगळवार. रागावला की लांबलचक मंगळवार. सवय झाली मला. पण जूनपासून खिडकीशी बसून बाहेर बोट दाखवतो आणि नुसता ओरडतो. मला वाटायचं मांजर आलं असेल, शेजाऱ्यांचं धुणं असेल. गेल्या आठवड्यात डोक्यात प्रकाश पडला. हॉली वाढलीय. त्याला ती कापून हवीय."

"मग बोलवा एखाद्या माणसाला."

"आला होता एक. कापायचं मशीन घेऊन. क्लिफर्डनं मशीन बघितलं आणि हातातला कप फेकून मारला." जॅनिसनं उजवा हात काउंटरवर ठेवला. अंगठ्याचं मूळ सुजून सुपारीएवढं झालं होतं. "मी केलं असतं हो. पण याच्यानं बरणीचं झाकण उघडत नाही, कात्री कुठली चालवणार."

मागं एक गृहस्थ दोन सूट घेऊन खोकत उभे होते. बेरिलला म्हणायचं होतं की बाई, माझा त्या घराशी, त्या झुडपांशी आणि त्या माणसाशी काही संबंध राहिलेला नाही, आणि मी दमलेय. मी त्या घरातून निघाले तीच मुळी दमले म्हणून, आणि तेव्हापासून माझा थकवा काही उतरलेला नाही. पण त्या चुकलेल्या बटणांकडे बघत ती म्हणाली, "गुरुवारी मला अर्धी सुट्टी असते."

ती सहा रोपं तिनं आणली होती त्याला आता किती वर्षं झाली, हे बेरिलनं त्या रात्री मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. शहराच्या पलीकडे भाजीचे वाफे करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं ती तिला फुकट दिली होती. वीतभर उंचीच्या काड्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. बसमध्ये गर्दी होती आणि पिशवीतून बाहेर आलेले काटे शेजारच्या बाईच्या पोटऱ्यांना टोचत होते. ती बाई दर थांब्याला बेरिलकडे असं बघायची, जणू हिनं पिशवीत साळिंदर आणलंय. क्लिफर्ड तेव्हा पोलादाच्या कारखान्यात मुकादम होता. संध्याकाळी घरी आला, काड्या बघितल्या आणि म्हणाला, "सहाच? मला मारायला एक पुरली असती." त्यांचं घर टेकडीच्या उतारावर, मागं सपाटीचा एक चिंचोळा तुकडा आणि मग जमीन एकदम दरीत उतरायची. दरीत कारखान्यांच्या रांगा. खालची काजळी आणि वरचा वारा, दोन्हींच्या कचाट्यात त्या तुकड्यावर काही म्हणून टिकत नसे. गुलाब लावले ते काळे पडले, लव्हेंडर कुजलं. नोव्हेंबर ते मार्च खिडकीतून बघावं तर नुसता चिखल. बेरिलला फुलं नकोच होती. तिला हवं होतं काहीतरी जे हिवाळ्यात तिथं असेल. नुसतं असेल, हिरवं, जड, स्वतःच्या जागेवर, म्हणजे सकाळी पडदा सारला की नजर कशावर तरी टेकेल. हॉली ते करते असं त्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. तिची पानं काजळीला भीत नाहीत, वाऱ्याला भीत नाहीत. मात्र तिला घाई चालत नाही. पहिली चार-पाच वर्षं ती काहीच करत नाही असं वाटतं, ती खाली मुळं सोडत असते. बेरिलनं सपाटीच्या कडेला एका ओळीत सहा खड्डे केले आणि मनात आकार ठरवला. खाली रुंद, वर निमुळता, शंकूसारखा, म्हणजे खालच्या पानांनाही उजेड मिळेल आणि एक दिवस ते सहा शंकू माणसापेक्षा उंच होऊन ओळीत उभे राहतील. "त्याला आकार येईल तोवर आपण आडवे झालेलो असू," क्लिफर्ड म्हणायचा. आल्यागेल्याला खिडकीपाशी नेऊन म्हणायचा, "या, बेरिलचं अरण्य बघा." तेव्हा तो बोलायचा.

मग कारखाना बंद झाला. एका क्लिफर्डचा नाही, दरीतले एकामागून एक. बाकीचे पुरुष चिडले, प्यायले, मोर्चात गेले, टॅक्सी चालवायला लागले. क्लिफर्डनं खुर्ची उचलली, मागच्या खोलीच्या खिडकीशी नेऊन ठेवली आणि तो तिच्यावर बसला. बेरिल सकाळी दुकानात जायची तेव्हा तो तिथं असायचा आणि संध्याकाळी लोकांच्या घामाचे, सांडलेल्या जेवणाचे वास नाकात घेऊन परत यायची तेव्हाही तिथंच. सकाळचा कप त्याच जागी, त्यात चहावर साय धरलेली. दोन हिवाळे असे गेले. दोरीवरचं धुणं त्याच्या डोळ्यांदेखत भिजायचं. ती ओरडायची, तो मान वळवायचा, पण नजर तिच्यापर्यंत पोचायच्या आत कुठंतरी थांबायची. तो खाली दरीत कारखान्याकडे बघत बसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढं कारखाना पाडला, तिथं ढिगारे झाले, तरी तो बघत होता. तेव्हा तिला हॉलीची आठवण व्हायची. झुडपं गुडघ्याच्या वर आली होती, शेवटी एकदाची वाढायला लागली होती, आणि ती मनात हिशेब करायची की अजून काही वर्षांत ती इतकी उंच होतील की खुर्चीवरून दरी दिसणारच नाही. पण तेवढा धीर तिच्यात उरला नव्हता. एका रविवारी दुपारी तिनं पेटी भरली. दुसरा पुरुष नव्हता, मूल नव्हतं, भांडणसुद्धा नव्हतं. ती दाराशी जाऊन म्हणाली, "मी चालले, क्लिफर्ड." आणि तो खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "दार ओढून घे. वारा येतो."

हे वाक्य तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पण ते तिच्याबरोबर राहायला आलं होतं. बसमध्ये, दुकानात कोटांना चिठ्ठ्या टाचताना, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडलेली असताना ते मध्येच वर यायचं. कधी त्यातला राग जाणवायचा. पुढं पुढं राग गेला आणि दुसरंच काही राहिलं. आपण एका आजारी माणसाला खुर्चीवर टाकून आलो, तो वारासुद्धा अडवू शकत नव्हता, असं काहीतरी. त्यानं पुन्हा लग्न केलं हे कळलं तेव्हाही ते गेलं नाही. कुणीतरी बिचारीनं आपल्या वाटणीची खुर्ची पत्करली, एवढंच तिला वाटलं.

गुरुवारी ती उताराच्या थांब्यावर उतरली. या मार्गानं जायला लागू नये म्हणून इतकी वर्षं ती एक थांबा आधी उतरून चढ चढून दुसरी बस पकडायची, आणि आता उतरल्यावर तिला ओळखू येण्यासारखं काही उरलंही नव्हतं. दार जॅनिसनं उघडलं. आज बटणं बरोबर होती, पण केसांचा एक भाग झोपेनं चपटा झाला होता आणि दुसरा नव्हता, म्हणजे एका कुशीवर दहा मिनिटं मिळाली असावीत. स्वयंपाकघरात भाजलेल्या मांसाचा आणि औषधी साबणाचा वास एकत्र होता. "आधी चहा घेता की आधी त्याला भेटता?" तिनं विचारलं. बेरिल म्हणाली, "आधी हॉली बघते," आणि मागच्या दारानं थेट बाहेर पडली, खिडकीकडे न बघता.

तिच्या डोक्यात शंकू होते. एकोणीस वर्षं ते तिथं वाढत होते, कधी लक्षात तर कधी लक्षाआड, पण शंकूच. आणि समोर होते सहा जाडजूड पिंप. छातीएवढ्या उंचीचे, गोल, वरून सपाट, एका पातळीत कापलेले, इतके दाट की आत चिमणीला शिरता येऊ नये. या वर्षीची कोवळी फूट हातहातभर वर आली होती, फिकट, मऊ, विस्कटलेली, पण खाली तो आकार तसाच घट्ट उभा होता. काळपट हिरवी पानं चकाकत होती. तिनं जवळ जाऊन एक फांदी बाजूला केली. आत छाटणीच्या जुन्या खुणा, एकीवर एक, दर वर्षाची वेगळी. एकही पान अर्धं कापलेलं नव्हतं. म्हणजे त्यानं मोठी कात्री कधी लावली नव्हती. हातातल्या छोट्या कात्रीनं, एकेक काडी धरून, पानाच्या वर नेमकी. सहा झुडपांचं हे काम घटकेचं नाही, अख्ख्या दुपारचं होतं. तिला एकदम बसावंसं वाटलं. आनंद म्हणावा तर तो नव्हता. आपण लावलेलं कुणीतरी इतकं राखलं, आणि राखताना आपला आकार मात्र नेमका मोडला, या दोन गोष्टी एकदम पचवायला तिच्या अंगात त्या दुपारी त्राण नव्हतं.

जॅनिसनं चामड्याचे हातमोजे आणि कात्री आणून दिली. कात्रीला धार होती, स्प्रिंगला तेल होतं. बेरिलनं टोकाकडून सुरुवात केली. बाजूच्या काड्या कापताना तिला सगळं आठवत गेलं, डोक्याला नव्हे, मनगटाला. मोज्यांच्या वर उघड्या कातडीवर काटे ओरखडत होते, कापलेल्या काड्यांचा कडवट हिरवा वास येत होता. भोवती गेल्या कित्येक वर्षांची गळलेली पानं, वाळून तपकिरी झालेली तरी टोकं सुईसारखी. गुडघा टेकला तिथं ती रुतली. बाजू कापून झाल्यावर ती वरच्या फुटीकडे आली आणि थांबली. मधली एक काडी सरळ वर गेली होती, जोमदार. तिला वाटलं, ही ठेवावी. अजूनही ठेवता येईल. तीन-चार वर्षांत ती वर जाईल, भोवतालच्या तिच्यामागं जातील, हळूहळू निमुळतं करता येईल. तिनं कडेच्या काड्या कापल्या, मधली ठेवली आणि दुसऱ्या झुडपाकडे वळली.

काचेवर टकटक झाली. टकटक म्हणजे अंगठीनं मारलेले ठोके, भराभर. आता बघणं भाग होतं. खिडकीत एक म्हातारा बसला होता. चेहरा एका बाजूला ओघळलेला, केस स्वच्छ विंचरलेले, गळ्याशी टॉवेल. डावा हात काचेवर होता. तो तिला हाकलतोय, असं तिला वाटलं, आणि बरंही वाटलं, चला, सुटलो. पण बोट तिच्याकडे नव्हतं. ते त्या काडीकडे होतं. तो बोट आडवं फिरवत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सपाट.

"मंगळवार," काचेमागून आलं. "मंगळवार."

ती काडीजवळ उभी राहिली आणि इतक्या वर्षांनी तिला पुन्हा तोच जुना संताप आला. वाढू देत नाहीस म्हणजे. अजून त्या दरीकडेच डोळे लावून बसायचंय. तिनं कात्री गवतावर टाकली आणि आत गेली. जॅनिस भांडी पुसत होती.

"त्याला ती बुटकी हवीत," बेरिल म्हणाली. "दरी दिसावी म्हणून. मेलेल्या कारखान्याकडे बघत बसायला."

"कारखान्याकडे?" जॅनिसनं हातातली बशी खाली ठेवली. "तिथं आता दुकानं आहेत. तिकडं ढुंकून बघत नाही तो. तो पाऊस बघतो."

"पाऊस?"

"दरीतून वर चढताना दिसतो ना. इथं पोचायच्या आधी चांगला वेळ मिळतो. हा उठायचा आणि धुणं काढून आणायचा. लग्न झाल्यापासून माझं धुणं भिजलेलं मला आठवत नाही. शेजारणी आमच्याकडे बघून आपली दोरी रिकामी करायच्या." ती हसली आणि हसता हसता खुर्चीवर बसली. "झाडं वाढली की त्याला दिसत नाही. मग इथंच उभं राहून भाषण. बेरिल म्हणायची निमुळती ठेवा, बेरिलचं बरोबर आहे, पण बेरिलनं धुण्याचा विचार केला नाही. तासतासभर. बोलायला लागला की तोंड मिटायचा नाही, मी कानांत कापूस घालते म्हणायचे."

बेरिल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "माझ्याशी तो दोन वर्षं बोलला नव्हता," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला. सांगितलंय त्यानं." जॅनिस जरा घुटमळली. "ते दाराचंही सांगितलंय. रागावू नकोस हं, मी आता अगंतुगंच करते, माझ्यानं ते अहोजाहो होत नाही. तू गेलीस ना, तर दार नीट लागलं नव्हतं. वाऱ्यानं ते आपटत राहिलं. हा ऐकत बसला, बसला, आणि शेवटी कंटाळून लावायला उठला. म्हणायचा, उठलोच होतो तर म्हटलं बाहेर बघून यावं. बाहेर गेला तर हॉली माजलेली. मग तीच कापत बसला, मोठ्या कात्रीनं. सगळी पानं अर्धी कापली, महिनाभरात तपकिरी झाली. त्याला फार लागलं ते. दुसऱ्या वर्षी नीट शिकला."

"मी गेले म्हणून उठला."

"दार आपटलं म्हणून," जॅनिस म्हणाली. "पण तेच ते."

बेरिल परत बाहेर आली. काडी अजून उभी होती. तिनं ती धरली आणि बाकीच्यांच्या पातळीत कापली. खिडकीत हात खाली आला. मग तिसरं झुडूप, चौथं. ऊन नव्हतं, वारा पडला होता. आपल्याला आत्ता काय वाटायला हवं, याचा ती शोध घेत होती आणि तिला काही सापडत नव्हतं. एकोणीस वर्षं ज्या माणसाला आपण खुर्चीवर टाकून आलो असं ती समजत होती, तो माणूस तिच्यामागोमाग उठून बागेत गेला होता. तो भाषणं देत होता, धुणं काढत होता, दुसऱ्या बाईवर कानांत कापूस घालायची वेळ आणत होता. म्हणजे तिनं वाहिलं ते ओझं रिकामंच होतं. ते उतरल्यावर हलकं वाटावं, तर पाठ आणखीनच दुखत होती. त्या ओझ्याभोवतीच ती इतकी वर्षं उभी होती की काय. त्या ओझ्यापायी तिनं सिनेमाला नेणाऱ्या एका सभ्य विमा-एजंटाला नाही म्हटलं होतं. त्याच्यासाठी चढ चढून दुसरी बस पकडली होती. आणि आपण राहिलो असतो तर? तो उठला असता? नसता. हे तिला स्वच्छ दिसलं, आणि त्यात कुणाचाच दोष दिसला नाही, हेच सगळ्यांत थकवणारं होतं. दोष असता तर धरायला काहीतरी राहिलं असतं. ती काड्या कापत राहिली. एक धरायची, पानाच्या वर कापायची, दुसरी धरायची. कात्री चालत होती तोवर बरं होतं.

पाचवं होत आलं तेव्हा पुन्हा टकटक झाली. ती सपाटीकडे बघू लागली, काय चुकलं ते शोधायला. पण बोट झुडपाकडे नव्हतं, तिच्या डोक्यावरून पलीकडे होतं. ती वळली. दरीच्या तोंडाशी आभाळ खाली आलं होतं आणि एक करडा पडदा दुकानांची छपरं, रेल्वेचे रूळ, खालची घरं एकेक करून पुसत वर येत होता. क्षणभर ती नुसती बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. बाजूच्या दोरीवर दोन चादरी, टॉवेल, पायजमे. "जॅनिस," तिनं हाक मारली. उत्तर आलं नाही. ती धावली. धावली म्हणजे या गुडघ्यांनी जेवढं धावता येईल तेवढं. चिमटे भराभर ओढले, काही गवतात पडले, चादरी छातीशी कवटाळून ती दारात पोचली आणि मागं पहिले थेंब छपरावर वाजले.

जॅनिस स्वयंपाकघराच्या टेबलावर डोकं ठेवून झोपली होती. तोंड जरा उघडं, सुजका अंगठा गालाखाली. पाऊस जोरात आला तरी ती हलली नाही. तिला उठवू नये असं बेरिलला वाटलं, आणि मग या बाईला झाडांसाठी माणूस हवंच होतं, पण त्याहून जास्त, घरात कुणीतरी जागं असावं एवढं हवं होतं, हे तिच्या ध्यानात आलं. ती चादरी घेऊन मागच्या खोलीत गेली. क्लिफर्डसमोर खुर्ची ओढून बसली आणि घड्या घालू लागली. चादर एकटीनं घडी घालायची तिला कामामुळे सवय होती.

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग चादरींकडे, मग पुन्हा तिच्याकडे. मान हलवली. "मंगळवार," तो म्हणाला, अगदी अदबीनं, विम्याच्या माणसाशी किंवा गवंड्याशी बोलावं तसं. काम ठीक झालं, आभारी आहे, असं. ओळखलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. ओळखलं नसावं. तिनं त्याच्या चेहऱ्यात जुना चेहरा शोधून पाहिला, आणि मग तेही सोडलं. ते दोन हिवाळे त्याच्या नजरेनं आपल्यापर्यंत पोचावं म्हणून ती जिवाचं रान करत होती, आणि आज ती पोचली होती, एका अनोळखी कामकरी बाईपर्यंत. त्यात एक आराम होता. त्याला काही द्यायचं नव्हतं, त्याच्याकडून काही घ्यायचं नव्हतं. दोघं पाऊस बघत बसले. सपाट कापलेल्या पाच माथ्यांवर पाणी उडत होतं, सहावं अजून तसंच झिपरं होतं. टॉवेल संपले, पायजमे संपले. त्याच्या ओघळलेल्या ओठाच्या कडेला लाळ आली तेव्हा तिनं गळ्याच्या टॉवेलनं ती टिपली, डाग पुसावा तशी, फार विचार न करता.

पाऊस थांबल्यावर तिनं सहावंही कापलं, ओल्यातच. काड्या गोळा करून कोपऱ्यात रचल्या. जॅनिस दारात आली तेव्हा तिच्या गालावर अंगठ्याचा ठसा होता.

"अगं, उठवायचं ना मला. किती वेळ गेला?"

"गेला थोडा."

"धुणं—" ती दोरीकडे बघून दचकली.

"आत आहे. घड्या घातल्यात. त्यानंच सांगितलं."

जॅनिस ओल्या पायरीवर तशीच उभी राहिली, हात एकमेकांत धरून. मग म्हणाली, "सहाही झाली की गं. आता पुढल्या ऑगस्टपर्यंत काही नाही."

"पुढल्या गुरुवारी येते मी," बेरिल म्हणाली.

"कशाला?"

"तू झोप. मी बसेन."

तोंडातून गेलं आणि त्याच क्षणी तिला पस्तावा झाला. बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली आणि पुढल्या गुरुवारची कारणं शोधू लागली. गुडघा. तो खराच दुखत होता. दुकानात माणूस कमी आहे. मी आजाऱ्यांच्या बाबतीत निरुपयोगी आहे, हे तर जगजाहीर होतं. नळदुरुस्तीवाला येणार आहे. घरी पोचेपर्यंत चार चांगली कारणं जमली. रात्री मनगटांवरचे ओरखडे गरम पाण्यानं धुताना तिनं त्यांतलं नळाचं निवडलं, कारण त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. आठवडा नेहमीसारखा गेला. कोट आले, पडदे आले, एका नवरीच्या आईचा रेशमी झगा आला. फोन दुकानातच होता, काउंटरवर, हाताशी. ती रोज म्हणायची, उद्या करते.

गुरुवारी सकाळपासून झोडपत होतं. एवढ्या पावसात कुणी कुणाची वाट बघत नाही. दुपारी दुकान बंद करून ती छपराखाली उभी राहिली, पलीकडे तिच्या घराकडची बस लागलेली होती, चालकानं तिला ओळखून दार उघडं ठेवलं होतं. तिनं त्याला हातानंच नको म्हणून सांगितलं, छत्री उघडली आणि उताराच्या थांब्याकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली, तोंडानं पुटपुटत, स्वतःवर वैतागत.